चुना, लिंबू आणि आपलं भांडण

तुम्ही गेलात त्याला अजून दोन महिनेही झाले नाहीत आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. लोक म्हणतील, नवऱ्यामागे रडायचं सोडून ही बाई भांडते. म्हणू देत. रडून झालंय माझं, आणि पुन्हाही रडेन. पण आपला वाद अर्धा राहिला, आणि आता तो माझ्या एकटीच्या डोक्यात दोन्ही बाजूंनी चालतो. तुमची बाजूसुद्धा मलाच मांडावी लागते. ती काही मला तुमच्याइतकी चांगली येत नाही.

लिहायला तुम्हीच शिकवलंत. लग्नाआधी मला फक्त अक्षरं जुळवता यायची. मुंबईला तुम्हाला पत्र लिहायचं म्हटलं की ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील कळवावे’ यापुढे माझी मजल जायची नाही. तुम्ही उलट टपाली विचारायचात, हे पत्र आहे की तार? घरात काय शिजलं ते लिही, आई कोणावर रागावली ते लिही, वाडीतल्या कुठल्या माडावर वानर चढलं ते लिही. मला वाटायचं, गिरणीच्या रंगखात्यात बसून शिकलेला माणूस वानराची चौकशी कशाला करतो. मग हळूहळू लिहायला लागले. आज पहिल्यांदाच असं लिहिते आहे की उलट टपालाची वाट बघायची नाही.

वाद तसा साधा होता. आपल्या घरचं कुंकू रेवदंड्यापासून पार नागावपर्यंत नावाजलेलं. कपाळाची आग होत नाही, खाज सुटत नाही, रंग महिनोन् महिने उतरत नाही. आळीतल्या बायका चैत्रातल्या हळदीकुंकवाआधी आपापली हळद आपल्या पडवीत आणून द्यायच्या आणि करंडे भरून न्यायच्या. मी म्हणायचे, हा माझ्या हाताचा गुण. तुम्ही म्हणायचात, हाताला गुण नसतो, गुण असतो आकड्याला. बस, एवढंच. पण या एवढ्यावर आपण सगळा संसार भांडत काढला.

हा हात मला कोणी दिला, ते तुम्हाला ठाऊक होतं, तरी तुम्ही चेष्टा करायचात. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा मामंजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याआधी आळीचं कुंकू सासूबाई करायच्या. विधवेनं कुंकवाला हात लावायचा नाही, म्हणून त्यांनी ज्या दिवशी काठवट भिंतीला उभी केली, ती मी येईपर्यंत कुणी आडवी केली नाही. मला शिकवायचं तर त्यांनी ते तोंडानंच शिकवलं. त्या माजघराच्या उंबऱ्याआत बसायच्या, दोन्ही हात पदराखाली धरून, आणि मी पडवीत काठवटीपुढे.

“घाल चुना. आनी घाल. बास. बास म्हनलं ना! आता लिंबू. थेंब थेंब सोड गो, न्हाणी घालतीस का हलदीला?”

वस्त्रगाळ हळद पिवळीधमक असायची. तिच्यात बंदरावरच्या भट्टीतला शिंपल्यांचा चुना भिजवून पडला की ती डोळ्यांदेखत लाल व्हायची. पहिल्यांदा मी घाबरून हात मागे घेतला होता. मग लिंबाचा रस. तो जास्त झाला की लाल पुन्हा पिवळं. तो कमी पडला तर रंग छान दिसतो पण कपाळ भाजून निघतं. या दोहोंच्या मधे कुठेतरी थांबायचं असतं, आणि कुठे ते सासूबाई उंबऱ्यातून नुसत्या रंग बघून सांगायच्या. शेवटी सोनाराकडून आणलेला टाकणखार चिमूटभर घालायचा, नि बोटभर खोबरेल. टाकणखाराचं त्या कुणाला सांगू द्यायच्या नाहीत. काही वर्षांनी त्यांनी सांगायचं थांबवलं, नुसत्या बसून राहायच्या. माझी बोटं चुना चोळूनच ओळखायला लागली की हा ताजा, हा जुना, हा मऊ पडलेला. मला त्याचा अभिमान होता. अजून आहे.

आणि मग तुम्ही मे महिन्याच्या सुट्टीत आगबोटीनं उतरायचात, पिशवीत आंब्यांच्या करंडीइतक्याच जपून आणलेल्या बाटल्या घेऊन. तुमचा प्रत्येक सदरा भोकांनी भरलेला. धुतला की आणखी भोकं. सासूबाई मला बोलायच्या, धोपटून धोपटून माझ्या लेकाचे सदरे फाडतेस. मी बिचारीनं उंदरांवर संशय घेऊन पिंजरे लावले. शेवटी तुम्हीच हसत सांगितलंत की रंगखात्यात आम्लाचे शिंतोडे उडतात, तेव्हा काही दिसत नाही, पण सूत आतून कुजतं आणि पाण्यात पडलं की गळून जातं. त्या दिवसापासून सासूबाई माझ्या धुण्याला काही बोलल्या नाहीत. मात्र तुम्हाला म्हणाल्या, “असल्या नोकरीपरीस नारलं पाडलीस तर अंगावर कापड तरी ऱ्हाईल.”

घरातली एकही वस्तू तुम्ही सोडली नाहीत. कागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवायच्या आणि जे दिसेल त्यात बुचकळायच्या. साबण लाल, राखेचं पाणी लाल, ताकात काही नाही, कैरीच्या पाण्यात काही नाही. आंबट ओळखायला तुमच्याकडे मुंबईचे निळे कागद होते. ते कैरीच्या पाण्यात घातले की लालबुंद व्हायचे. एकदा माशाला लिंबू का पिळतात ते तुम्ही सांगायला लागलात. माशाचा वास खाराच्या जातीचा, लिंबाचं आम्ल त्याला गप्प करतं. सासूबाई ताटावरून म्हणाल्या, “हे शिकाया मुंबैला गेलावतास? मला इचारलं असतंस.” तुम्ही इतके हसलात की ठसका लागला.

पीएच हा शब्द मी तुमच्या तोंडून ऐकला तो असाच एका जेवणावर. तुम्ही ताटाच्या कडेला भाताची शितं मांडलीत. मधलं शीत पाणी, त्याचा आकडा सात. डावीकडे जाऊ तसं आंबट, उजवीकडे जाऊ तसं खारं. ‘खारं म्हणजे मिठाचं नव्हे गं, चुन्याचं, राखेचं.’ लिंबू पार डावीकडे, दोनाजवळ. ताक चार-साडेचार. आपला समुद्र आठाच्या थोडा पुढे. चुन्याची निवळी पार उजवीकडे, बाराच्या वर. आणि प्रत्येक शीत म्हणजे दसपट. दोन शितं सरकलं की शंभरपट. मी म्हटलं, “आणि माझं कुंकू?” तुम्ही आठाच्या आणि नवाच्या शितांपाशी बोट ठेवलंत. म्हणालात, हळद आठाच्या पुढे लाल होते. त्याच्या फार पुढे गेलं तर कातडी भाजते. तू दरवर्षी बरोब्बर इथे येऊन थांबतेस, आणि तुला ठाऊकही नाही.

“ठाऊक नाही कसं? मीच थांबते ना?”

“तू थांबत नाहीस. लिंबू चुन्याला मारत मारत तिथे पोचतं. आम्ही प्रयोगशाळेत हेच करतो. काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडायचा आणि रंग पालटला की तोटी बंद. तुझी बोटं म्हणजे आमची काचेची नळी.”

मी त्या रात्रीचं जेवण अर्धं टाकून उठले होते, आठवतंय? नळी म्हणे! ज्या हाताचं कौतुक करायला बायका दुसऱ्या गावाहून यायच्या, त्याला माझा नवरा नळी म्हणतो. तुम्हाला ते कौतुकच वाटत होतं, हे मला फार नंतर कळलं. तुमच्या लेखी नळीहून खरी वस्तू जगात नव्हती.

मिठाचा सत्याग्रह झाला त्याच्या पुढच्या वर्षी मे महिन्याची वाट न बघता तुम्ही चैत्रातच आलात, आणि खरोखरच ती नळी घेऊन आलात. पडवीत खुंटीला बांधलीत, खाली वाटी, हळदीचा लगदा, मापून चुना, मापून रस. आळी गोळा झाली. शेजारच्या काशीकाकी तोंडाला पदर लावून हसत होत्या, बाप्या माणूस कुंकू करतोय म्हणून. तुम्ही कुणाकडे न बघता थेंब मोजत होता. कुंकू झालं. चांगलं झालं, नाही म्हणत नाही. तेवढ्यावर थांबायचं की नाही? पण तुम्ही माझा आणि तुमचा करंडा गुपचूप बदललात, आणि मी हळदीकुंकवाला दारात येईल तिला तुमचं कुंकू लावत राहिले. कुणालाही फरक कळला नाही. मलाही नाही. संध्याकाळी तुम्ही सांगितलंत तेव्हा मी म्हटलं, मला वाटलंच होतं, जरा फिक्कं होतं. तुम्ही पोट धरून हसलात. “कबूल कर!” म्हणालात. मी केलं नाही.

खरं तर त्या नळीतही तुमचं पुरतं चाललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच चुना, तेवढाच रस घेतलात, तर कुंकू पिवळट उतरलं. तुम्हीच कारण शोधलंत. चुना रात्रभर उघडा राहिला आणि हवेतल्या वायूनं तो मेला. मला आनंदाचं भरतं आलं. बघा, म्हटलं, आकडे तेच, मग कुंकू का बिघडलं? माझ्या बोटाला ते चोळताच कळलं असतं. तुम्ही म्हणालात, माप चुकेल, पण जिथे पोचायचं तो आकडा चुकत नाही. तिथे कुणीही पोचो. मी म्हटलं, कुणीही नाही, मी. असा तो वाद कधी संपायचाच नाही. तुमच्या सुट्ट्या संपायच्या, आगबोट यायची, आणि वाद तसाच धक्क्यावर राहायचा.

टाकणखाराचं मात्र तुम्ही जे सांगितलंत ते मला फार आवडलं. सासूबाईंना तो सोनाराकडून आणायची अक्कल कुणी दिली, असं तुम्ही मला हळूच विचारलंत. म्हणालात, टाकणखार हट्टी आहे. त्याच्यात थोडं आंबट घाला, थोडं खारं घाला, तो आकडा हलू देत नाही. म्हणून आपलं कुंकू हवेनं उतरत नाही, दुसऱ्यांचं चातुर्मासात पिवळं पडतं. मी म्हटलं, तुमच्या आईसारखा. तुम्ही इकडेतिकडे बघून मान हलवलीत.

त्या हट्टाची गोष्ट तुम्ही पुन्हा काढलीत ती अंथरुणावरून. गेल्या दिवाळीनंतर आलात ते पाय सुजवूनच. चेहराही सुजलेला. अलिबागचे डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं थकली आहेत. नोकरी सुटली. एवढे दिवस सलग तुम्ही घरात कधी राहिला नव्हतात, आणि देवानं दिले ते असे दिले. तरीही सांगते, ते दिवस मला नकोसे नव्हते. दुपारी मी तुमच्या पायाशी सुपारी कातरत बसायचे आणि तुम्ही बोलायचात. माणसाच्या रक्ताचाही आकडा असतो, सातापेक्षा जरासा वर. माणूस लिंबू खाऊ दे नाहीतर सोडा पिऊ दे, रक्त तो आकडा हलू देत नाही. त्यात टाकणखाराचेच भाऊबंद बसलेत. एवढंसं जरी खाली घसरलं तरी माणूस घसरतो. आणि मूत्रपिंडांनी आंबट बाहेर टाकायचं थांबवलं की ते भाऊबंद तरी किती दिवस पुरणार?

तुम्ही स्वतःची तपासणी स्वतःच करायचात. लघवीत बुडवलेली निळ्या कागदाची पट्टी लाल झाली की माझ्याकडे बघून म्हणायचात, ‘हं, आंबा आंबतोय.’ मला ती चेष्टा सोसायची नाही. डॉक्टरांनी दिलेला खायचा सोडा मी वेळ न चुकवता द्यायचे. तुम्ही तो पाण्यातून प्यायचात आणि म्हणायचात, हा आपला चुना चांगला आहे, पण आतलं लिंबू त्याहून मोठं. मी अर्थ लावायला जायचे नाही. शेवटी शेवटी तुमचा श्वास मोठा आणि घाईचा झाला. तोही शरीराचाच हट्ट, तुम्ही सांगितलंत, श्वासावाटे आंबट बाहेर टाकायची धडपड. घाबरू नकोस, म्हणालात, हिशोब चालू आहे.

आणि तेव्हाच, त्या मोठ्या श्वासांच्या मधून, तुम्ही तो जुना वाद उकरून काढलात. पहिल्यांदा मला हसू आलं. “एकदा कबूल कर. हाताला गुण नसतो.” मी म्हटलं, आता काय हे. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी सासूबाईंसमोर. माणूस आजारी पडला की लहान होतो, मी मनात म्हटलं, जिंकायचंय बापड्याला. पण माझाही स्वभाव तुम्हाला माहीत. मी म्हटलं, “तुम्ही बरे व्हा, मग कबूल करीन.” तुम्ही डोळे मिटलेत आणि हसलात. माघातल्या त्या सकाळीही तुम्ही माझं मनगट धरून तेच म्हणालात, आणि मी तेच उत्तर दिलं. त्यानंतर आपलं बोलणं झालं नाही.

पुढचं तुम्ही पाहिलं नाहीत. दहाव्याला बायकांनी माझं कपाळ पुसलं. मी रडत नव्हते, कारण माझं लक्ष त्यांच्या हाताकडे होतं. ओल्या फडक्याला लाल लागलं, ते माझंच कुंकू होतं. तेवढ्यात मागून कुणीतरी हलक्या आवाजात बोललं, “दुसऱ्यांची कपालं रंगवली नि सोताचं राखता न्हाय आलं.” कोण ते मी वळून बघितलं नाही. पण ते वाक्य माझ्या कानातून गेलं नाही. भात वाढताना, विहिरीवर, दिवा लावताना ते येतं. मीच तर सगळ्यांना सांगत आले होते ना, की गुण हाताचा म्हणून? मग जो हात गावाचं कुंकू राखतो त्याला घरातलं का राखता आलं नाही, हे कुणी विचारलं तर त्यात त्या बाईचं काय चुकलं?

चैत्र उजाडला. काशीकाकी आल्या, पण हळदीचं सूप बाहेरच्या पायरीवर ठेवून बसल्या. यंदा कुंकवाचं कसं, एवढंच त्यांनी विचारलं. त्यांचा मुलगा बोटीवर खलाशी, एडनच्या पलीकडे कुठेतरी. त्याची बायको शेवंती अजून नवी नवरीच. त्या घराला कुंकवाची भीती साऱ्या आळीहून जास्त.

तेव्हा मला तुमचा आकडा उसना घ्यायचा मोह झाला. सांगावं, काकी, कुंकवाला हात कळत नाही. हळद आहे, चुना आहे, लिंबू आहे. विधवेच्या हातात चुना काही आंबट होत नाही. सगळं अगदी जिभेवर आलं होतं. पण मग पुढचंही खरं करावं लागलं असतं. मग ते कुणीही करावं, मी कशाला? तुम्ही गेलात, कपाळ गेलं, आता हा हातही गेला तर माझ्याकडे राहतं काय?

तोड काढली सासूबाईंनी. मी केलं तसं कर, म्हणाल्या. उंबऱ्यात बस नि तोंडानं सांग. हात शेवंतीचा.

मग ठरल्या दिवशी बसले उंबऱ्यात, त्यांच्याच जागेवर, हात पदराखाली. त्या माझ्या मागे भिंतीला टेकून. पडवीत शेवंती काठवटीपुढे, भोवती आळीतल्या बायका, काठवटीत साऱ्यांची हळद. चुना भट्टीतून त्याच सकाळी आणलेला. लांबून तो कसा आहे ते मला कळेना. सवय बोटांची, डोळ्यांची नव्हे. मी म्हटलं घाल, तिनं घातला. आनी घाल, तिनं घातला. आणि बघता बघता लालाच्या पुढे जाऊन रंग विटकरी झाला, मग तपकिरी. शेवंतीची बोटं चुरचुरायला लागली. तिनं हात झटकला नि रडवेली झाली.

“जललं!” काशीकाकी म्हणाल्या. “साऱ्यांची हलद गेली!”

“लिंबू, लिंबू सोड,” मी ओरडले. तिनं घाबरून सबंध वाटी उचलली. ती वाटी एकदम पडली असती तर सगळं पिवळं, आणि मग पुन्हा चुना, पुन्हा लिंबू, हाती काही लागलं नसतं. मी काही ठरवलं नाही, अहो. उठले, उंबरा ओलांडला, तिच्या हातातली वाटी घेतली आणि काठवटीत हात घातला.

बायका काठवटीपासून मागे सरकल्या.

“अगो, हात काढ!” काशीकाकी म्हणाल्या.

माझ्या मागून सासूबाईंचा आवाज आला. “ऱ्हाऊ दे. आता काढून लाल जायाचा हाय का?”

मी कुणाकडे बघितलं नाही. डाव्या हातानं रस थेंब थेंब, उजव्या हातानं लगदा तळापासून वर. बोटांना आधी चुन्याची बुळबुळ लागत होती, ती हळूहळू कमी झाली. तपकिरी सरलं, विटकरी सरलं, आणि मग तो रंग आला. मी थांबले. पदराआडून चिमूटभर टाकणखार, मग खोबरेल. तुमची आठवण झाली म्हणणं खोटं ठरेल. त्या वेळी मला कुणाचीच आठवण नव्हती. इतके आठवडे झाले, पहिल्यांदाच माझं मन स्वस्थ होतं.

वर बघितलं तर सगळ्या माझ्या हाताकडे बघत होत्या. तो मनगटापर्यंत लाल. कुणी पुढे होईना. एकीनं आपला रिकामा करंडा उचलला नि पायऱ्या उतरून निघून गेली. काशीकाकी म्हणाल्या, रागानं नाही, अगदी खालच्या आवाजात, “माझा पोर दर्यावर हाय गो. त्याला काय झालं तर?”

आता तरी तुमचा आकडा सांगावा, असं वाटलं. पण त्या बाईच्या डोळ्यांत बघून मला ते म्हणवेना. मी म्हटलं, “हात माझाच हाय, काकी. नको असंल तर नेऊ नका. मी वाईट वाटून घेनार न्हाय.”

त्यांनी एकदा कुंकवाकडे, एकदा शेवंतीच्या कपाळाकडे बघितलं. मग शेवंतीच्या हातातला करंडा घेऊन त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

“भर. गेल्या साली कुनी केलंवतं? तूच ना? त्याच्या आदल्या साली? पोर धड परत आला का न्हाय? तुज्या हाताला यश हाय. मला दुसऱ्या कुनाच्या हातचं नको.”

त्यांच्यामागून बाकीच्यांनीही करंडे पुढे केले. सगळ्या गेल्यावर सासूबाईंनी आपणहून घंगाळात पाणी काढलं नि माझ्या हातावर घातलं.

म्हणजे बघा, मी जिंकले. भर पडवीत, साऱ्या आळीसमोर. तुम्ही असतात तर कपाळावर हात मारून घेतला असतात की या बायकांना शिकवण्यात अर्थ नाही. काकींना आकडा नको होता, त्यांना माझा हातच हवा होता, विधवेचा असला तरी. यापुढेही आळीचं कुंकू मीच करणार. मला त्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

पण पाणी हातावरून ओघळत होतं तेव्हाच मनात आलं, काकींचा पोर माझ्या हातानं राखला असेल, तर तुम्हाला त्यानं का राखलं नाही? माझ्या कपाळावर तर रोज माझ्याच हातचं होतं. यश आहे म्हटलं की ते अपयशही माझंच. दहाव्याचं ते वाक्य आणि काकींचं हे वाक्य एकच आहे, फक्त एक शिवी आहे नि दुसरं कौतुक.

आणि तेव्हा मला कळलं, अहो, तुम्ही ते का मागत होता. जिंकायचं नव्हतं तुम्हाला. तुम्हाला पट्टीवर दिसत होतं की हिशोब संपत आलाय. आपल्यामागे हिला काय ऐकावं लागेल, आणि त्यातलं किती ही खरं मानील, हे तुम्ही ओळखून होता. माझ्या हाताला गुण नाही असं एकदा माझ्याच तोंडून वदवून घेतलं, की दोषही राहणार नाही, म्हणून तुमची ती घाई. त्या श्वासांमधून, मनगट धरून. आणि मी अट घालत बसले.

तुमचं रक्त हट्टानं जितकं टिकलं तितकं टिकलं, मग घसरलं. त्यात माझ्या हाताचं काही नव्हतं. आळीला मी हे सांगणार नाही. त्यांना माझा हात हवा आहे, आणि तो मी त्यांना देईन. पण तुमच्यापाशी माझं म्हणणं सोडते. तुम्ही बरे व्हायची अट मी घातली होती, ती मागे घेते. तुम्ही बरे झाला नाहीत तरी कबूल.